एलादियो फागुंदेसचं कुलूप

एलादियो फागुंदेस आख्ख्या गावची वीज खिशात घालून पलीकडच्या काठावरच्या बाईमागे पळाला, असं आमच्या पुएर्तो सेइबोत अजून सांगतात. खाटीक त्यात आणखी भर घालतो की, जाताना त्यानं सबस्टेशनला कुलूप ठोकलं आणि किल्ली नदीत भिरकावली. खाटकाचा राग मी समजू शकते, त्या शुक्रवारी त्याच्या मांसाला वास लागला. पण तो वास सकाळीही होता, हे मी स्वतःच्या नाकानं सांगते.

खरं एवढंच आहे. सहाला यायची वीज सातला आली. किल्ली नदीत नव्हती, एलादियोच्या सदऱ्याच्या खिशात होती. आणि तो पळाला नाही, ज्या लाँचनं गेला त्याच लाँचनं परत आला. मी त्याच लाँचवर रिकाम्या पिशव्यांवर बसले होते, तेव्हा ऐकायचं तर माझ्याकडून ऐका.

एलादियो माझा शेजारी. आमच्या दोन घरांत एक तारेचं कुंपण आणि माझी एक उनाड कोंबडी, एवढंच अंतर. उंच, सडपातळ, जरा पुढे वाकलेला, सत्तावन्न वर्षांचा बिनलग्नाचा माणूस. डाव्या कानानं कमी ऐकतो, म्हणून मी नेहमी त्याच्या उजव्या बाजूला उभी राहते. तो मग थर्मास काखेत धरून, माते या कडू पाल्याच्या भांड्यात चहासारखं गरम पाणी ओतून, ओढायची नळी माझ्यापुढे करतो आणि सुस्कारा सोडतो. सुस्कारा कशाला ते मी कधी विचारलं नाही.

एकतीस वर्षं तो गावाबाहेरच्या सबस्टेशनात ब्रेकर सांभाळतोय. ब्रेकर म्हणजे काय, हे त्यानं मला कुंपणावर वाकून इतक्यांदा समजावलंय की मी परीक्षेला बसेन. चिनी मातीचे उंच खांब, खाली दाबून भरलेल्या हवेची टाकी. लाईनवर वीज कोसळली, काही बिघडलं, की आतले तांब्याचे जोड झटक्यात एकमेकांपासून सुटतात. सुटताना त्यांच्यामध्ये हातभर ठिणगी उडते, ती विझायला तयार नसते. मग टाकीतली हवा सुसाटत येऊन तिला फुंकून टाकते. आपण मेणबत्ती फुंकतो तसंच. फक्त मेणबत्ती फुंकल्यावर दीड कोसावरच्या बायका घाबरून छातीवर क्रूस काढत नाहीत.

वर्षातून एकदा, संत्री उतरायला लागायच्या आधी, प्रत्येक ब्रेकर बंद करून त्याची तपासणी होते. दहा दिवस एलादियो आमच्यातून उठतोच. टाकीतली हवा सोडायची, तळाचं पाणी काढायचं, कारण हवा ओली असली तर सगळंच मुसळ केरात. व्हॉल्व्ह उघडून रबरी कड्या बदलायच्या. खांब फडक्यानं पुसायचे, तडा गेलाय का ते बोटानं चाचपायचं. आणि ते तांब्याचे जोड, चांदीचा मुलामा दिलेले! त्यांच्यावर ठिणगीनं पडलेले खड्डे तो अंगठा फिरवून मोजतो. मी एकदा जेवणाचा डबा द्यायला गेले होते, तेव्हा बघितलं. डोळे मिटून अंगठा फिरवत होता. मी म्हटलं, "एलादियो, अरे बायकोचा हातसुद्धा कुणी असा धरत नाही." सगळे हसले. तो नाही हसला.

शेवटी टाकी पुन्हा भरून ब्रेकर तीनदा मिटून तीनदा उघडायचा. तिन्ही खांब एकाच क्षणी उघडले पाहिजेत, डोळ्याचं पातं लवायच्याही आत. तीन धडाके होतात. दुपारची झोप मोडते, कुत्री पलंगाखाली जातात, माझी कोंबडी दोन दिवस अंडं देत नाही. आणि तो आवाज नदीवरून पलीकडच्या काठापर्यंत, अर्जेंटिनात जातो. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट म्हणजे कुलूप. काम सुरू करायच्या आधी लाईनचे मोठे खटके उघडे ठेवतात आणि खटक्याच्या दांड्याला प्रत्येक जण स्वतःचं कुलूप घालतो, त्यावर स्वतःच्या नावाची लाल पाटी. ज्यानं घातलं त्यानंच, स्वतःच्या हातानं ते काढायचं. तोवर लाईनमध्ये वीज सोडता येत नाही. एलादियो नोकरीला नवा होता तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला एका सबस्टेशनात कुणीतरी घरी जायच्या घाईत, मदत म्हणून, सोबत्याचं कुलूप काढलं. सोबती अजून खांबावर होता. त्याची शवपेटी ज्या सहा जणांनी उचलली त्यांत एलादियो होता. या गोष्टीवर मीसुद्धा त्याची थट्टा करत नाही.

आता इर्मा. ती आमच्या शाळेत तीन वर्षं शिकवायला होती. एलादियो तेव्हा शाळेची विजेची बटणं दुरुस्त करायला जायचा. इतकी बटणं त्या शाळेत नव्हतीच. मग पलीकडे इर्माची मावशी आजारी पडली, तिची संत्र्यांची बाग बघायला कुणी नव्हतं, आणि इर्मा गेली. निघताना धक्क्यावर सगळ्यांच्या देखत त्याला म्हणाली, "एलादियो, तुला काही विचारायचं असलं तर ये पलीकडे."

आणि हा पठ्ठ्या म्हणाला, "हो बाई. तपासणी झाली की येतो."

त्या वर्षी तपासणी झाली. तीन धडाके नदीपार गेले. इर्मानं ते मोजले, चांगला झगा घातला आणि पाचची लाँच यायच्या वेळी पलीकडच्या धक्क्यावर जाऊन उभी राहिली. हे मला तिनंच सांगितलं. इकडे एलादियोनंही दाढी केली, धक्क्यापर्यंत आला, लाँचला हात केला आणि काँप्रेसरच्या गाळणीत कचरा राहिला असेल म्हणून परत फिरला. दुसऱ्या वर्षी कुठलीशी रबरी कडी. तिसऱ्या वर्षी पाऊस. अशी सत्तावीस वर्षं. पुढेपुढे इर्मा म्हणायला लागली की ती धक्क्यावर मासे घ्यायला जाते. मी दर पंधरवड्याला पलीकडे पीठ-तेल आणायला जायची, तिची संत्री याला पोचवायची, याची मातेची पुडी तिला. निरोप दोघंही देत नसत. मी आपल्या मनानं दोन-चार घालून द्यायची, इतकंच.

या वर्षी, तपासणी चालू असताना मंगळवारी मी कुंपणापाशी गेले.

"इर्मानं बाग विकली," मी म्हटलं.

नळी त्याच्या तोंडातच राहिली.

"शनिवारी सकाळी सातला सामानाचा ट्रक येतोय. कोर्दोबाला भाचीकडे चाललीय. कायमची."

त्यानं माझ्या कोंबडीकडे बघितलं. मग म्हणाला, "शुक्रवारी शेवटचा ब्रेकर आहे."

"मग?"

"चारपर्यंत होईल."

"एलादियो, तुझी तपासणी सत्तावीस वर्षं होतेच आहे. ब्रेकर तोंड उघडतात, तू उघडत नाहीस. आणि पुढच्या वर्षी गॅसचे नवे ब्रेकर बसणार, ते म्हणे शिंकेएवढाही आवाज करत नाहीत. मग तर तिला काही कळायलाच नको."

"पाचची लाँच धरतो, शेजारीणबाई."

"मीही येते. मला पीठ आणायचंय."

"तुमच्याकडे पीठ आहे. परवाच पोतं उतरवून दिलं मी."

"संपलं," मी म्हटलं. असलं काही बघायचं सोडून घरी बसायला मी काय संत आहे?

शुक्रवारी साडेतीनला धडाके झाले. एक, दोन, तीन. गावातल्या सगळ्या बायकांनी मोजले, कारण मंगळवारपासून मी कुणाला काही सांगितलं नव्हतं असं नाही. पाचला पाच कमी असताना एलादियो धावतच धक्क्यावर आला. पांढरा सदरा, ओले केस, हनुवटीवर दाढी करताना कापलेलं आणि रक्त थांबवायला लावलेला कागदाचा कपटा. फळीवरून तो लाँचमध्ये चढला तेव्हा धक्क्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यानं मान वर केली नाही.

नदीच्या मध्यावर त्यानं रुमाल काढायला खिशात हात घातला. हात तिथंच राहिला. चेहरा असा उतरला की मला वाटलं, गेलं याचं काळीज.

"कुलूप," तो म्हणाला.

त्याच्या तळहातावर किल्ली होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा एलादियो फागुंदेस आपलं कुलूप खटक्यावर विसरून आला होता. तपासणी झाली, सही झाली, अंघोळ करून येतो म्हणून गेला आणि अंघोळीनंतर त्याच्या डोक्यात फक्त नदी उरली.

"वळव," तो लाँचवाल्याला म्हणाला.

"ही काय तुझी सायकल आहे?" लाँचवाला म्हणाला. "पलीकडे दहा मिनिटं थांबतो, मग परत. तेवढा दम धर."

मी म्हटलं, "दे ती किल्ली माझ्याकडे. मी याच लाँचनं परत जाते, सबस्टेशनात तुझ्या सिल्वेइरासाहेबाच्या हातात देते. तू राहा तिकडे."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला चर्चमध्ये कपडे काढायला सांगितलं. "शेजारीणबाई, तुम्ही मनानं चांगल्या आहात," तो म्हणाला आणि किल्ली मुठीत घट्ट धरली.

इर्मा धक्क्यावर होती. निळा झगा, हातात माशांची टोपली. मासेवाले सकाळी दहालाच गेलेले. एलादियो उतरला, टोपी काढली आणि आधी जकातवाल्याकडे गेला, लाँच कितीला सुटेल ते पक्कं करायला. जकातवाल्याला सगळं समजल्यावर तो म्हणाला, "अहो, मग हा फोन आहे ना! लावा, सांगा त्यांना, कापा म्हणावं माझं कुलूप. कातर नाही का तुमच्याकडे?"

"कातर आहे."

"मग?"

"फोनवर त्यांना आवाज ऐकू येईल," एलादियो म्हणाला. "मी खांबावर नाही, हे आवाजावरून कसं दिसणार?"

जकातवाला माझ्याकडे बघून डोळे फिरवायला लागला. इर्मानं मात्र टोपली खाली ठेवली.

आणि मग, देवाशपथ सांगते, सत्तावीस वर्षांनी भेटलेल्या बाईला या माणसानं कुलपाची गोष्ट सांगितली. कुठल्या खटक्यावर आहे, कुठल्या दांड्याला, लाल पाटी कशी आहे, सिल्वेइरा आता काय करत असेल, संत्र्यांची शीतघरं कशी खोळंबली असतील. मी जकातीच्या घड्याळाकडे बघत होते. नऊ मिनिटं! इर्मा ऐकत होती, पाढे म्हणणाऱ्या मुलाचं ऐकावं तशी, मध्ये न तोडता. लाँचवाल्यानं घंटा वाजवली.

मी त्यांच्यापासून तीन हातांवर पिशवीला गाठ मारत होते. पिशवी रिकामी होती, पण गाठ अवघड होती.

"बाई," एलादियो म्हणाला, "मी तिकडे आलो तर... तुम्ही जिथं जाताय तिथं. राहायलाच. चालेल का तुम्हाला?"

इर्मानं हात वर केला आणि त्याच्या हनुवटीवरचा कागदाचा कपटा अलगद काढला. रक्त थांबलं होतं. कपटा तिनं फेकला नाही, मुठीत धरला.

"इतक्या घाईत विचारलेल्याचं उत्तर मी घाईत देणार नाही, एलादियो," ती म्हणाली. "तुझी माणसं खोळंबलीत. जा."

"मग उत्तर?"

"पत्रानं कळवीन."

परतताना तो लाँचच्या मागच्या टोकाला उभा होता. तीही हलली नाही. निळा झगा बोटाएवढा झाला, मग नखाएवढा, मग नुसतं पाणी राहिलं. मी एक अक्षर बोलले नाही. कुणाला विचारून बघा, हे माझ्या आयुष्यात दोनदा झालंय, आणि पहिल्यांदा मला घसा बसला होता.

सबस्टेशनात सिल्वेइरा कातर घेऊन खटक्यापाशी उभा होता, पण त्यानं ती चालवली नव्हती. एलादियोनं कुलूप काढलं, पाटी काढली, आणि सातला वीज आली. चूक केली म्हणून समज द्या, आणि लेखी द्या, हे त्यानं स्वतःच मागून घेतलं.

शनिवारी सातला तो आमच्या धक्क्यावर होता. पहिली लाँच आठची. पलीकडचा रस्ता झाडांमागून जातो, ट्रक दिसत नाही. थोडी धूळ दिसली, तीही कुणाची कोण जाणे.

याला आता तीन महिने झाले. निवृत्तीचा अर्ज त्यानं भरून ठेवलाय, तारखेची जागा कोरी. रोज अकराला टपालवाल्याच्या वाटेकडे उभा राहतो, हातात माते, ते गार होतं. टपालवाला बिचारा त्याला लांबून बघूनच मान हलवतो, म्हणजे जवळ येऊन सांगायला नको. परवा मला राहवलं नाही. उजव्या बाजूला जाऊन मी म्हटलं, "एलादियो, तीन महिने! कोर्दोबा काय चंद्रावर आहे? अरे, नाही म्हणायचं असेल तिला, आणि तोंडावर म्हणवलं नसेल. किती दिवस असा उभा राहणार?"

त्यानं गार झालेलं माते ओतून टाकलं, भांडं झटकलं आणि म्हणाला, "शेजारीणबाई, मी तिला सत्तावीस वर्षं उभं ठेवलं. तिला उत्तराला तीन महिने लागले, तर तुमचं काय जातंय?"