पाहुण्यांसाठी उठलेला हात

चहा देताना मॅडम कप नेमका तुमच्या डाव्या हाताशी ठेवायच्या. तुम्ही उजवा हात पुढे केलात की कप मागे ओढून म्हणायच्या, "त्या हाताले रोजच काम आहे. याले द्या जरा." त्यापायी माझे किती शर्ट खराब झाले, ते माझ्या बायकोला विचारा!

नागपूरच्या आमच्या रुग्णालयात मी फिजिओथेरपिस्ट आणि शेजारच्या खोलीत मॅडम, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. "दोन्ही एकच ना?" असं कोणी विचारलं की त्यांचा पारा चढायचा. "हे सर तुम्हाले उभं करतीन," माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "पण उभं राहून करायचं काय? आंघोळ, स्वयंपाक, कामधंदा, ते सगळं माह्या खोलीत."

त्यांच्या डोक्यात एक कल्पना घर करून बसली होती. अर्धांगवायू झालेल्या माणसाला आपण फळीवरच्या लाकडी खुंट्या काढायला-घालायला लावतो. त्याऐवजी त्याचं स्वतःचं घरचं काम उपचार म्हणून दिलं तर हात लवकर कामाला लागेल का? हे पडताळायला त्यांना बीजनिधी हवा होता. नव्या संशोधनाची पहिली, छोटी चाचणी करता यावी म्हणून काही संस्था असा निधी देतात.

पण अर्ज परत यायचे. समितीचं म्हणणं एकच, आधी थोडा पुरावा दाखवा. मॅडम माझ्या टेबलावर हात आपटायच्या. "आता बोला! पेरायले दाणा नाही अन् हे विचारून राहिले, पीक किती झालं!" मी एकदा म्हटलं, "सोडा ना मॅडम, पगार तर मिळून राहिला." झालं! आठवडाभर माझा चहा बंद.

शेवटच्या खेपेला मात्र त्यांचा चेहरा उतरलेला होता. निधीला वयाची अट होती आणि पुढच्या वर्षी त्या तिच्या बाहेर जाणार होत्या. "या वेळी नाही झालं त संपलं," एवढंच म्हणाल्या. त्यातल्या त्यात बरं म्हणजे, समितीची माणसं या वेळी विभाग पाहायला येणार होती. आणि आमच्या मॅडमनी त्यांच्यापुढे कोणाला आणावं? सावनेरच्या मावशींना!

मावशी लांब रोट्या करून विकायच्या. तुम्ही नागपूरकडचे असाल तर सांगायला नको. सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत पार कोपरापर्यंत ताणायची आणि उपड्या ठेवलेल्या तापल्या मडक्यावर टाकायची. अर्धांगवायूनंतर मावशींचा डावा हात मांडीवर नुसता पडून असायचा. ताकद थोडी परतली होती, पण तो वापरायचा असतो हेच त्या विसरल्यासारख्या झाल्या होत्या. आमच्याकडे रुग्णांच्या सरावासाठी छोटं स्वयंपाकघर आहे. तिथे मॅडम त्यांच्याकडून रोज कणीक भिजवून घ्यायच्या.

समिती आली ती ऐन जेवणाच्या वेळी. मडकं गॅसवर तापत होतं, तेही मावशींना बरं वाटावं म्हणून. त्यांनी डाव्या हाताने कणकेचा गोळा उचलून दाखवायचा, एवढंच ठरलं होतं. मावशींनी उजव्या हाताने उचलला. "डावा, मावशी, डावा." डावा काही हलेना. पाहुणे घड्याळं बघू लागले. मॅडमना घाम फुटला, आणि खरं सांगतो, मलाच रडू यायच्या बेतात होतं.

समितीचे प्रमुख उठले. "ठीक आहे मॅडम, निघतो. आम्ही अजून जेवलोही नाही."

मावशींनी मान वर केली. "काहून? दारात आलेले पाव्हणे उपाशी जातीन काय? बसा बाप्पा!"

मॅडम "अहो मावशी, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी गोळा उजव्या हातावरून झुलवला आणि तो झेलायला खालून डावा हात आपोआप उठला! रोटी मधोमध फाटली, अर्धी मॅडमच्या ॲप्रनवर पडली. "जळो मेली," म्हणत मावशींनी दुसरा गोळा घेतला. मॅडमनी कोपराला खालून नुसता आधार दिला. ही रोटी वेडीवाकडी झाली, पण ताणली गेली आणि मडक्यावर बसली.

प्रमुख परत खुर्चीवर बसले. मॅडम पुढे झाल्या. "मी सांगितलं तेव्हा हात उठला नाही सर. पाहुणे उपाशी जातील म्हणून उठला. हे एका बाईचं झालं. बाकीच्यांचंही होतं का, तेवढंच मला तपासू द्या."

पाहुणे जेवून गेले आणि निधी मंजूर झाला! फोन ठेवून मॅडम हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. मी पन्नाशीचा माणूस व्हरांड्यात नाचलो, कोणी काय म्हणायचं ते म्हणो. मग काय विचारता! त्यांच्या खोलीत कोणी तुरीच्या शेंगा सोलतंय, कोणी सायकलचं पंक्चर काढतंय, कोणी लेकीची वेणी घालतंय. माझ्याकडे व्यायामाला माणूस सापडेना. चाचणीचा निकाल इतका चांगला आला की हेच काम मोठ्या प्रमाणावर करायला त्यांना बाहेरगावच्या एका संशोधन केंद्राने बोलावून घेतलं.

त्या निघाल्या त्या दिवशी फाटकाशी ही गर्दी! सावनेरहून, पारशिवनीहून मॅडमचे रुग्ण आले होते, मावशी सगळ्यांच्या पुढे. गाडी सुरू झाली आणि सगळ्यांनी निरोपाचा हात वर केला. धडधाकट हात एकानेही नाही, प्रत्येकाने आपला अधू हातच. कोणाचा छातीपर्यंत पोचला, कोणाचा कानापर्यंत. गाडी थांबली. आता या रडणार, असं मला वाटलं. काच खाली करून मॅडम ओरडल्या, "मावशी, खांदा नका उचलू वं! कोपर सरळ करा, कोपर!"

सगळ्यांनी कोपरं सरळ केली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तरी एकानेही हात खाली घेतला नाही.