हात काठीवर ठेवून

पोंभुर्ण्याच्या पुढं अंधारी नदी वळण घेते, तिथं करंजटोला नावाचं पन्नास-साठ घरांचं गाव आहे. अर्धी घरं मासेमारी करणाऱ्या ढिवरांची, अर्धी गोंडांची. या गावात इंदिराबाईंना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याचं कारण गावाखालचा डोह.

उन्हाळ्यात अंधारी आटते, नुसती वाळू राहते. खडकाच्या पोटातला हा डोह मात्र आटत नाही. सगळ्या नदीची मासोळी जीव घेऊन तिथं येऊन बसते. शहाण्णव सालच्या वैशाखात कोणीतरी रानातल्या झाडाची विषारी साल कुटून डोहात टाकली. सकाळी धुणं घेऊन गेलेल्या इंदिराबाईंना पाणी दिसलंच नाही. दिसली ती मेलेल्या मासोळीची पांढरी पोटं, काठापासून काठापर्यंत. त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटली नाही. नवरा वारल्यावर डोक्यावर टोपली घेऊन मासोळी विकत त्यांनी लेक वाढवली होती. ज्या पाण्यानं पोसलं, ते असं मेलेलं पाहवेना.

त्यांनीच घरोघर फिरून गाव एका ठिकाणी बसवलं. ठरलं, की होळीपासून मिरगापर्यंत डोह बंद. काठावरच्या झाडीला कुऱ्हाड लावायची नाही, साल सोलायची नाही. राखण घरटी पाळीनं. त्यासाठी तेंदूची एक काठी केली. ज्याच्या दाराशी काठी, त्यानं त्या दिवशी डोह आणि रान फिरून यायचं, आणि संध्याकाळी काठी पुढच्या घरी पोचवायची. वहीत लिहून ठेवावं असं कोणी म्हणालं, तेव्हा इंदिराबाईंची शेजारीण सोमारी, गोंडाच्या घरची, हसली होती.

"वही काय बोलते? देतानी हात काठीवर ठेवाचा आन दिवसभर काय पाह्यलं ते सांगाचं. आमी देवापुढं असंच बोलतो. काठी धरून मानूस खोटं बोलत नाई."

तेव्हापासून तीच रीत पडली. ज्यानं नेम मोडला त्यानं आठ दिवस एकट्यानं राखण करायची आणि मारलेली मासोळी पुरायची, खायची नाही.

पाच वर्षं झाली. डोहात हाताएवढी मरळ दिसू लागली. इंदिराबाईंच्या रोशनीचं लग्न झालं. जावई देवानंद मूळचा ढिवरच, पण आता बल्लारपूरला ऑटो चालवायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तो रोशनीला घेऊन आला. डोह बंद, म्हणून इंदिराबाईंनी चामोर्शीच्या बाजाराहून आणलेली सुकी मासोळी केली. ढिवराच्या घरी जावयाच्या ताटात सुकी मासोळी! वाढताना त्यांनाच लाज वाटली. देवानंद हात जरा आखडून जेवला.

दुसऱ्या दिवशी काठी इंदिराबाईंच्या दाराशी होती. पहाटे गंगामायचं नाव घेऊन त्या रानाच्या अंगानं निघाल्या. दुपारी परतल्या तर अंगणात देवानंद उभा. पायाशी टोपली, टोपलीत मरळ.

"मामी, पाहा! शहरात राह्यतो म्हून हात इसरलो नाई."

"कुठी धरली, जवाईबुवा?"

"डोहात, दुसरं कुठी? आज्यानं शिकवलं होतं, कोन्या झाडाची साल टाकाची ते."

"डोह बंद आहे. रोशनीनं सांगतलं नाई?"

"सांगतलं ना. पन बंदी चोराले असते, मामी. मी तं घरचा."

तो हे अगदी मनापासून म्हणाला. सासूला खूश करावं, कालच्या ताटाची लाज तिला राहू नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. इंदिराबाईंनी एक मरळ हातात घेतली. पोट अंड्यांनी टच्च फुगलेलं. त्या तशाच डोहावर गेल्या. तीच पांढरी पोटं. काठावरचं एक झाड कमरेपर्यंत सोललेलं. पाण्याला उग्र वास.

मागून रोशनी धावत आली.

"आई, कोनालेच सांगू नोको. त्यायले समजलं नाई वं. नवीन नवीन सोयरिक आहे, घरी गेल्यावर मलेच बोलतीन."

"मासोळी तं सगळ्यायले दिसन, बाई."

"दिसू दे. बाहेरचा कोनी आला आसन म्हनतीन. तू फक्त बोलू नोको."

खरंच होतं ते. देवानंदला कोणी पाहिलं नव्हतं. इंदिराबाई देवाजवळ जाऊन बसल्या. रोजचं नाम घ्यायला गेल्या तर जिभेवर येईना. लेकीचा संसार नुकता मांडलेला, आणि जावई म्हणजे पाय धुवायचं माणूस. त्याला गावापुढं उभं करायचं? आणि नाही केलं, तर उद्यापासून कोणत्या तोंडानं दुसऱ्याच्या दारी काठी द्यायची? दिवा लावला, विझला, पुन्हा लावला. देवानं काही सांगितलं नाही. असल्या वेळी तो सांगत नाही.

दिवस कलला. पुढचं घर सोमारीचं. मेलेल्या मासोळीची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती, म्हणून तिच्या अंगणात दहा-बारा माणसं जमली होती. गावातले वडीलधारे दादाजीही होते. सोमारीनं काठीचं एक टोक धरलं. इंदिराबाईंचा हात दुसऱ्या टोकावर होता.

"काय पाह्यलं, बाई?"

"डोहात साल टाकली. मासोळी मेली." त्या थांबल्या. "माह्या जवायानं टाकली."

कोणीतरी मागं हसलं. "घ्या! कायदा करनाऱ्याच्याच घरी!"

दादाजी अवघडले. "जवायाच्या हाती काठी देता का, इंदिराबाई? पाव्हना मानूस. जाऊ द्या या खेपेले."

"कोनाच्याच खेपेले जाऊ द्याचं नाई म्हनून मीच बोंबलली होती, दादाजी. तो माह्या घरी पाव्हना आला, माह्या ताटासाठी गेला. आठ दिवस मी फिरीन."

मासोळी पुरायला देवानंद आला नाही. सकाळी त्यानं पिशवी भरली.

"चोर ठरवलं मामीनं मले. चाल, रोशनी."

रोशनी गेली. नदी ओलांडताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. इंदिराबाई काठी घेऊन काठावर उभ्या होत्या. ती दिसेनाशी होईपर्यंत हलल्या नाहीत, मग राखणीला निघाल्या. तिसऱ्या दिवशी सोमारी मागून चालताना दिसली.

"तुही पाळी नाई, सोमारी."

"मी माही गाय पाहाले चालली. रस्ता काय तुह्या एकटीचा आहे?"

उरलेले सगळे दिवस सोमारीची गाय हरवत राहिली.

दोन दिवाळ्या रोशनी माहेरी आली नाही. बाया म्हणायच्या, "पोरीपक्षा मासोळी जवळची झाली." ते पूर्ण खोटं आहे, असं इंदिराबाईंनाही कधी कधी म्हणता येत नसे.

तिसऱ्या वर्षी वैशाखात निरोप आला. रोशनी बाळंतपणाला येते आहे. इंदिराबाई पाण्याचा तांब्या घेऊन नदीच्या उतारावर गेल्या. पलीकडच्या काठावर देवानंद रोशनीची पिशवी धरून उभा होता. रोशनी सावकाश वाळूतून आली आणि आईच्या खांद्याला लागून रडली. देवानंद मात्र तिथंच. इंदिराबाई तांब्या घेऊन नदी ओलांडून गेल्या. पाय धुवायला वाकल्या तर त्यानं पाय मागं घेतले, पण पाणी प्यायला.

"घरी चाला, जवाईबुवा."

"नाई, मामी. गावातले लोक पाहातीन." त्यानं खाली डोहाकडं नजर टाकली. "अजून बंद आहे का?"

"मिरगापर्यंत."

तांब्या परत देत तो म्हणाला, "मंग मिरगानंतर येतो. लेकराले पाहाले." आणि वळता वळता, "तवरिक सुकीच रांधा तिच्यासाठी."