कोपऱ्यातलं पिंप

रविवारी पेन्याल्बा या डोंगरावरच्या गावात माणसं येतात ती कड्यासाठी. गावाची गल्ली संपते तिथे जमीनही संपते. खाली द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या आणि तळाला नदी. माणसं फोटो काढतात, "किती शांत आहे नाही इथे" म्हणतात आणि जेवणाच्या वेळेला उतरून जातात. या वाक्याने म्हाताऱ्या रेमेईचं डोकं फिरायचं. शांत कसलं, रिकामं झालंय, असं ती आपल्या ओट्यावरून पुटपुटायची. तिने हे गाव भरलेलं पाहिलं होतं. तोडणीच्या दिवसांत खेचरांच्या घंटांनी जाग यायची, द्राक्षं तुडवून पोरांच्या पोटऱ्या जांभळ्या व्हायच्या, तो वास अंथरुणापर्यंत येऊन बसायचा. आता हिवाळ्यात मोजक्या चुलींचा धूर दिसे, आणि येत्या रविवारपासून त्यातली तिचीही विझणार होती.

वसंतात ती तळघराच्या पायरीवर घसरली होती. तेव्हापासून रेउस शहरातली तिची मुलगी नेउस आपल्याकडे राहायला ये म्हणून मागे लागली होती, आणि शेवटी रेमेईने मान डोलावली. सामान दोन पिशव्यांत मावलं. राहिलं ते पिंप.

या मुलखात प्रत्येक घराच्या तळघरात, कोपऱ्यात, एक लाकडी पिंप असतं. ते कधी रिकामं करायचं नाही. लग्नाला, बारशाला, मयताला त्यातून वाइन काढायची आणि तोडणी झाली की तेवढीच नवी ओतायची. विरजणासारखं चालतं ते. पणजोबांची वाइन पणतवंडाच्या पेल्यात येते. भरणं चुकलं तर लाकूड आकसतं, फटी पडतात, आत व्हिनेगर होतं.

"बाटल्यांत भरून आण ना," नेउस फोनवर म्हणाली.

"बाटलीत भरलं की संपतं ते."

"संपलं तर संपलं, आई. तू एक थेंब पितेस, मी तेवढाही नाही. तिसऱ्या मजल्यावर पिंप कुठे ठेवू, पलंगाखाली?"

रेमेईने फोन ठेवला. खरी गोष्ट तिने मुलीलाही सांगितलेली नव्हती, की त्या पिंपातली वाइन मुळात आपल्या घरची नाहीच.

ती किनाऱ्यावरच्या कोळ्यांची लेक. तिच्या माहेरी स्वच्छ म्हणजे खरवडून, उकळत्या पाण्याने धुतलेलं. लग्न होऊन आली त्या शरदात सासूला खूश करायचं म्हणून ती तळघर झाडायला उतरली. कोपऱ्यातल्या पिंपात काळा गाळ साचलेला. तिने तोटी उघडली, सगळं गल्लीत वाहणाऱ्या मोरीत सोडलं आणि सोड्याचं कढत पाणी घालून पिंप गडगडा फिरवलं. सासू तेक्ला खाली आली तेव्हा सून घाम पुसत हसत उभी होती. तेक्लाने रिकामं पिंप पाहिलं. पायरीवर बसली आणि मेलेल्या माणसाजवळ बसावं तशी संध्याकाळपर्यंत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे उंबऱ्यावर हिरव्या झिलईचा एक बुधला होता, वाइनने गळ्यापर्यंत भरलेला. तो समोरच्या घरातल्या बाईचा, सिओचा, हे दोघींनीही ओळखलं. एका अंजिराच्या फांदीवरून या दोन घरांतून विस्तव जात नव्हता. तेक्लाने बुधला उचलला, पिंपात रिता केला आणि सुनेला म्हणाली, "याविषयी बोलायचं नाही."

रेमेई बोलली नाही. बुधला रिकामा परत देणं अभद्र, आणि भरून द्यायचा तर सिओचं दार ठोठावायला हवं. सासू होती तोवर ते जमलं नाही. सासू गेली तेव्हा संकोच हाडीमासी भिनला होता. मग एका हिवाळ्यात सिओही गेली, समोरच्या दाराला कुलूप लागलं आणि बुधला फडताळातच राहिला. रेमेईला याची आयुष्यभर लाज वाटली.

रेमेईच्या गावातल्या शेवटच्या आठवड्यात ते कुलूप निघालं. सिओचा माजी नावाचा मुलगा, बार्सिलोनात बस चालवून निवृत्त झालेला, छप्पर बघायला आला होता. रेमेईने हाक मारून त्याला ओट्यावर बसवलं.

"विकायला आलास ना रे?"

"अजून ठरवलं नाही, मावशी. बायको गेल्यापासून तिकडे तरी कोण आहे माझं?"

तिने हेझलनट आणि पिंपातली बोटभर वाइन पुढे ठेवली. माजीने घोट घेतला आणि पेला खाली ठेवायला विसरला.

"ही आमच्या घरची आहे," तो हळूच म्हणाला.

"तुमच्याच घरची."

तिने सगळं सांगितलं, गाळासकट. ऐकताना माजी आधी हसला, मग त्याचे डोळे भरले.

"आई कधी बोलली नाही."

"माझ्याशीसुद्धा नाही बोलली. कसली बाई. आता तुमची वाइन तुमच्या पिंपात ने."

"पण मावशी, आमचं पिंप पार वाळलंय. फटीतून बोट जातं."

"वाळलं तर फुगेल. पाण्यात ठेव."

"मला नाही त्यातलं कळत."

"वर्षाला एकदा भरायचं. आणि धुवायचं नाही. बाकी अक्कल लागत नाही, नाहीतर मला जमलं असतं का?"

माजी उठून गेला. हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. रेमेईला रात्रभर धड झोप लागली नाही.

सकाळी गावच्या हौदाकडून ठोकाठोक ऐकू आली. तिने खिडकीतून पाहिलं. माजी पिंपाचे लोखंडी पट्टे ठोकून बसवत होता आणि फटींतून उडणाऱ्या पाण्याने नखशिखांत भिजला होता. शनिवारपर्यंत गळती थांबली. उरलेली वाइन तो नंतर नेणार होता, पण पहिला बुधला आपण नेणार, हे रेमेईने त्याला बजावून ठेवलं.

रविवारी नेउसची गाडी यायच्या आधी तिने बुधला धुतला नाही, नुसता पुसला आणि गळ्यापर्यंत भरला. काठी टेकत गल्ली ओलांडली. उंबऱ्यावर बुधला ठेवला, दाराच्या लाकडावर हात टेकला.

"सिओ," ती म्हणाली, "बुधला आणलाय गं."

आणि मग ती रडली. माजी दारामागेच उभा होता. तिची काठी गल्लीच्या पलीकडे पोहोचेपर्यंत त्याने कडी काढली नाही.