एपारामाचं डुक्कर

इसिकेली आमच्या कंपनीत सव्वीस वर्षं दालोचा खरेदीदार आहे. दालो म्हणजे हातभर वाढणारे अळूचे कंद. तावेउनी बेटाच्या काळ्या मातीत ते चांगले पोसतात आणि आमची कंपनी ते बोटीने ऑकलंडला पाठवते. मी या बेटावरच्या शाखेचा व्यवस्थापक. मूळचा लंबासाचा, सुव्याला वाणिज्य शिकलो, आणि पाच महिन्यांनी निवृत्त होणार आहे.

इसिकेली देहाने दांडगा, चालायला सावकाश. त्याच्याकडे कधी वही नसे. कोणत्या मळ्यात काय लावलंय, कोणाची मुलगी नेटबॉलमध्ये निवडली गेली, कोणाचा गुडघा दुखतो, हे सगळं त्याच्या डोक्यात असे. नावुनी गावचा एपारामा त्याचा सर्वांत जुना शेतकरी. इसिकेलीचं गाव दूरच्या लाउ बेटांतलं. पण त्याचं गाव आणि नावुनी एकमेकांचे तौवू. दोघांचा मूळपुरुष एक. तौवूने तौवूची टिंगल करायची, त्याच्या घरातली आवडेल ती वस्तू न विचारता उचलायची, आणि त्याने रागवायचं नाही, अशी रीत. तौवूच्या मयतालाही गप्प बसायचं नसतं. शवपेटीची वाट अडवून मेलेल्याला टोमणे मारायचे, रडणाऱ्यांना हसवायचं. ते तौवूचंच काम असतं, दुसऱ्या कोणी केलेलं चालत नाही.

मी नवा होतो तेव्हा एकदा इसिकेलीबरोबर नावुनीला गेलो होतो. पडवीत चटई, मध्ये यंगोनाचं, म्हणजे मुळं कुटून पाण्यात भिजवलेल्या पेयाचं, लाकडी पात्र. आम्ही बसण्याआधीच एपारामाने तोंड सोडलं.

"आला! लाउचा खेकडा आला. मेरेसेइनी, भांडी आत घे गं!"

"भांडी राहू दे, वहिनी," इसिकेली म्हणाला. "मी डुकरासाठी आलोय. ते परसातलं पांढरं माझं आहे. म्हाताऱ्याला तेवढं एकच सुंदर तोंड बघायला मिळतं, म्हणून मी ते अजून नेलेलं नाही."

"माझ्या मढ्यावरून ने!"

"नेईन की. तू मर तर आधी."

मेरेसेइनी, एपारामाची बायको, आतून हसत ओरडली, "दोघेही मरा, म्हणजे मला निवांत झोप लागेल!" मग माझ्याकडे बघून एपारामाने विचारलं, "आणि हा कोण? लंबासाचा हिशेबनीस? याला अर्धी करवंटी द्या, हा मोजून पितो."

आम्ही तीन तास बसलो. डुक्कर, गुडघा, पाद्रीबुवांची नवी गाडी, पुलाचं रखडलेलं काम, असल्याच गप्पा. दालोचं नाव नाही. मी चार वेळा घड्याळ बघितलं. निघताना आम्ही पायरीवर चपला घालत होतो तेव्हा एपारामा सहज म्हणाला, "मंगळवारी चाळीस पोती." इसिकेलीने मान हलवली. खरेदी झाली. गाडीत मी त्याला म्हणालो, हे पाच मिनिटांत झालं असतं.

"झालं असतं, बॉस," तो म्हणाला. "पण मग ती पोती कुणालाही मिळाली असती."

त्याचा अर्थ मला चक्रीवादळाच्या वर्षी कळला. सगळ्या बेटावर दालो झोपला होता, दुसरे खरेदीदार दीडपट भाव घेऊन गावोगाव फिरत होते, आणि नावुनीने त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. इसिकेलीने काही मागितलं नव्हतं. तो वादळानंतर तिथे जाऊन दोन दिवस छपरं ठोकत बसला होता, एवढंच.

हे सगळं माहीत असून मी तो तक्ता काढला.

गेल्या वर्षी मुख्य कचेरीने विचारलं की एका खरेदीदाराच्या आठवड्याला नऊच भेटी का होतात. मी तक्ता आखला: पोहोचल्याची वेळ, निघाल्याची वेळ, भेटीचा उद्देश. एका मळ्याला वीस मिनिटं. इसिकेलीने पहिल्या महिन्यात तक्त्यात वीसच मिनिटं भरली आणि बसला मात्र दोन-दोन तास. पण गाडीत यंत्र बसवलेलं होतं. गाडी कुठे किती वेळ उभी राहिली ते माझ्या टेबलावर येत असे. मी त्याला लेखी ताकीद दिली. नोकरीची दोन वर्षं उरली होती त्याची. त्याने ताकीद वाचली, सही केली आणि एवढंच विचारलं, "नावुनीलापण वीसच?"

"सगळ्यांना सारखं," मी म्हणालो.

त्यानंतर त्याने कधी चूक केली नाही. बसलं की उठवत नाही, म्हणून तो उभ्यानेच बोलू लागला. भेटी आठवड्याला एकोणीस झाल्या. कचेरीतून माझं कौतुक करणारं पत्र आलं.

मग एका मंगळवारी नावुनीची महिन्याची पोती घेऊन एपारामाचा मोठा मुलगा जोसेवा गोदामात आला. इसिकेली काट्यापाशी पाठमोरा उभा होता. गाडीचा आवाज ओळखून त्याने मागे न बघताच आवाज दिला.

"काय रे, बाप कुठाय? अजून डुकराला मिठी मारून झोपलाय का?"

इसिकेली वळला. जोसेवाच्या अंगात काळे कपडे होते, दाढी वाढली होती.

"बाबा गेले, साहेब," तो इसिकेलीला म्हणाला. "आज एकवीस दिवस झाले."

गोदामातली माणसं थांबली. इसिकेलीचा हात काट्यावर तसाच राहिला. जोसेवाने चाळीस पोती उतरवली, पावती घेतली, वाकून नमस्कार केला आणि गेला.

इसिकेली माझ्या खोलीत येऊन खुर्चीत बसला. आधी कधी तो माझ्यासमोर न विचारता बसला नव्हता.

"मला बोलावलं नाही, बॉस. पेटी कुणी अडवली असेल? तौवूशिवाय पुरला त्याला. मुकाट्याने पुरला." मग म्हणाला, "मला उद्या जायचंय. त्या घरात मी अजून कोणी आहे की नाही, तेवढं बघायचंय. तुम्ही चला. तक्ता तुमचाच आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही मयताच्या घरी न्यायच्या रीतीप्रमाणे चार चटया, रॉकेलचं पिंप आणि यंगोनाची मुळं घेऊन गेलो. इसिकेलीने नवा काळा सदरा घातला होता. वाटेत तो स्वतःशीच पुटपुटत होता. मी विचारलं तर म्हणाला, "टोमणे जुळवतोय. एकवीस दिवसांचे साठलेत. मेरेसेइनी मला आधी शिव्या घालेल. झाडू घेऊन मागे लागेल. लागू दे. चांगली बडवू दे."

सगळं रीतसर झालं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने आमच्या वस्तू हात लावून स्वीकारल्या, चांगलं बोलला. आम्हाला वरच्या जागी, पाहुण्यांच्या चटईवर बसवलं. आजवर इसिकेली तिथे कधी बसला नव्हता. तो नेहमी स्वयंपाकघराच्या दाराशी, चुलीकडे पाय करून बसे.

मेरेसेइनी समोर येऊन बसली. इसिकेलीने घसा खाकरला.

"म्हातारा पळाला वाटतं! डुक्कर द्यावं लागेल म्हणून जीव दिला. इतका चिक्कू माणूस मी लाउपासून इथपर्यंत पाहिला नाही."

कोणी हसलं नाही. कोणी रागावलंही नाही. मेरेसेइनीने मान खाली घालून ऐकून घेतलं.

"हो, साहेब," ती म्हणाली. "इतक्या लांब आलात, आभारी आहोत."

इसिकेलीने पुन्हा प्रयत्न केला. "वहिनी, झाडू कुठाय तुझा? मोडला का नवऱ्याच्या पाठीवर?"

"आहे ना, साहेब. चहा घ्याल?"

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती बँकेच्या माणसाशी बोलावं तशी बोलत होती. इसिकेलीने विचारलं, मला निरोप का नाही धाडला?

"तुम्हाला कामं असतात," ती म्हणाली. "उगाच त्रास कशाला? त्यांना स्वतः तुम्हाला सांगायचं होतं. सुव्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते. दोनदा तुम्ही आलात तेव्हा त्यांनी यंगोना भिजवून ठेवला होता. म्हणाले, बसला की तिसऱ्या करवंटीनंतर सांगतो."

मला दुसरी खेप आठवली. इसिकेलीनेच परत आल्यावर हसत सांगितली होती. एपारामा म्हणाला होता, "बस की, खेकड्या." याने हातातला तक्त्याचा कागद दाखवला होता. "मग कागदालाच पाज थोडा," असं म्हणून तो म्हातारा दारापर्यंत सोडायला आला होता. नावुनीत उभ्या माणसाला कोणी वाईट बातमी सांगत नाही.

आम्ही चहा प्यालो. बाहेर डुकराचा आवाज झाला. जोसेवा त्या पांढऱ्या डुकराचे पाय बांधून आमच्या गाडीत चढवत होता. मयतानंतरच्या शंभराव्या रात्रीच्या जेवणासाठी राखलेलं असणार ते.

"ते सांगून गेलेत, तुम्हाला द्यायचं," मेरेसेइनी म्हणाली.

"मला असं नकोय," इसिकेली म्हणाला. "मी ते पळवून नेईन. तुम्ही ओरडा, दगड मारा माझ्यावर. असं हातात काय देता?"

"घ्या, साहेब. त्यांचा शब्द आहे." मग ती उठून उभी राहिली, आणि आम्हालाही उठावं लागलं. "तुम्हाला उशीर होत असेल."

खरंच काळजीने म्हणाली ती. तिने आमची वेळ सांभाळली होती.

परतताना इसिकेली पुढे बसला नाही. मागे डुकराशेजारी बसला. नदीच्या उतारावर मी गाडी थांबवली आणि उतरून मागे गेलो. मला त्याची माफी मागायची होती. वाक्य जुळवलंही होतं.

तो डुकराच्या पाठीवर हात ठेवून बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक शिवी, बॉस. एकच तरी द्यायची होती तिने."

मी गाडीत येऊन बसलो.

तक्ता मी त्याच आठवड्यात बंद केला. पुढच्या फेरीला इसिकेली नावुनीच्या पडवीत बसायला गेला, तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी खुर्ची आणली. तेव्हापासून तो तिथे उभ्यानेच बोलतो आणि निघतो. डुक्कर त्याच्या परसात आहे. कापत नाही, विकतही नाही.

नावुनीने दुसरा खरेदीदार पाहिला नाही. भाव वाढवून मागितला नाही. ठरल्या मंगळवारी चाळीस पोती येतात, चांगली निवडलेली, माती झाडलेली. आजवर एकही कमी आलेलं नाही.