काहीतरी निघू दे

वैशाखात आमच्या अंबरनाथच्या चाळीत माणसं ओल्या पंच्यानं अंग पुसत बसायची आणि माझी सुमन स्वेटर घालून भांडी घासायची. चार भांडी झाली की भिंतीला टेकायची. "जरा दम खाते हो, भांडी काय पळून जातायत?" बायका हसायच्या. मी हसत नव्हतो. चारचौघांत सरळ आळशी म्हणायचो. खरवईची माझी वहिनी त्याच्याही पुढची. "हाडाची आळशी आहे ही," म्हणायची.

मी सातवी नापास, लेथवर जन्म काढलेला माणूस. मशीन बंद पडलं की उघडून बघायचं, एवढं मला कळत होतं. बायको अठ्ठावीस वर्षं बंद पडत होती, तेव्हा नाही सुचलं.

एकदा ती नळावर चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि विचारलं, "बाळंतपणात रक्त फार गेलं होतं?"

"गादी फेकून द्यावी लागली," सुमन म्हणाली.

"अंगावर दूध आलं?"

"थेंब नाही. पोरगा डब्याच्या दुधावर वाढला. पाळीपण परत आली नाही."

हे सगळं मला माहीत होतं. एका दोऱ्यात कधी ओवलं नव्हतं. बाई म्हणाल्या, मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, अंगातली निम्मी कामं तिच्या हुकमानं चालतात. रक्तात तिचे हार्मोन कमी आलेत. का, ते एमआरआयमध्ये बघू.

उल्हासनगरच्या सेंटरला निघण्याआधी सुमन शिवमंदिरात जाऊन आली. मी म्हटलं, "काही निघू नये असं मागितलंस ना?"

"काहीतरी निघू दे, असं मागितलं."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"काही निघालं नाही तर मी आळशीच ठरणार. रक्ताचे आकडे कोण मानतंय? फोटो मानतील."

मशीनवरचा माणूस म्हणाला, "अम्मा, बिलकुल हिलना मत."

"भाऊ, हलत नाही म्हणून तर आणलंय मला इथं," सुमन म्हणाली.

बाईंनी फिल्म उजेडावर धरली. ग्रंथीची खोबण होती, आत जवळजवळ काहीच नव्हतं. त्या बाळंतपणात रक्त गेलं तेव्हाच ग्रंथी सुकली होती. मी चपलांकडे बघत बसलो. सुमन हसली. लग्नातसुद्धा अशी हसली नव्हती.

गोळ्या लागू पडल्या. दोन महिन्यांत स्वेटर ट्रंकेत गेला. मग फिल्म घेऊन ती मला खरवईला घेऊन गेली आणि वहिनीच्या खिडकीच्या उजेडात फिल्म धरून म्हणाली, "बघा वहिनी, हाडं शाबूत आहेत." वहिनीनं चहा टाकला.

परत येताना रिक्षात तिनं विचारलं, "आणि तुम्ही? आता काय म्हणाल मला?"

मी म्हटलं, "पदर आत घे, चाकात जाईल."

पुढची चार वर्षं बरी गेली. तिनं परत कधी विचारलं नाही. गेल्या साली तिचं हृदय बंद पडलं, सकाळी, भांडी घासून झाल्यावर.

ती फिल्म मी खिडकीच्या काचेला चिकटवलीय. दूधवाला, गॅसवाला, येईल तो विचारतो, हे काय? मी सांगतो, माझी बायको आळशी नव्हती. तो मान हलवून निघून जातो. त्याला काय त्याचं. जिला सांगायचं होतं, तिला मी पदर आत घ्यायला सांगितलं.