चाकावरच्या घराला मागचा डोळा : सोलापूर ते जेऊर

शोभाची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची, अट एकच होती. "मी येते. पण गाडी मागं घेताना मी मागं उभी राहणार न्हाय."

अट रास्त होती. जीपला जोडून ओढायचं हे छोटं घर मी स्वतः बांधलंय. उमेदीची सगळी वर्षं उसाच्या ट्रॉल्या वेल्डिंग करण्यात गेली. सुरुवात दुसऱ्याच्या शेडमध्ये, आता शेड माझी. पण हे घर पहिल्यांदा गल्लीत मागे घेताना "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणाऱ्या शोभाच्याच पायाच्या बोटांवरून चाक गेलं. दीड महिना प्लास्टर. म्हणून ठरवलं, मागचा कॅमेरा बसल्याशिवाय निघायचं नाही.

गाड्यांचं सामान विकणाऱ्या अक्रमने दोन प्रकार काढून ठेवले. एकाची तार मागून पुढे पडद्यापर्यंत न्यायची, दुसरा बिनतारी. अक्रम म्हणाला, "चाचा, तार का लेव. बीच में इत्ता लोहा है, बिगर तार का पिक्चर अटकताय."

आता माझा शहाणपणा ऐका. जन्मभर लोकांच्या पत्र्याला भोकं पाडली, पण स्वतःच्या नव्या कोऱ्या, रंगवलेल्या पत्र्याला ड्रिल लावायला हात धजेना. बिनतारी घेतला. शेडमध्ये पडदा हातात धरून घराशेजारी उभा राहिलो, चित्र आरशासारखं. जीप तेव्हा जोडलेलीच नव्हती, हे डोक्यात आलं नाही.

फेब्रुवारीत सकाळी सातला निघालो. मोहोळ, टेंभुर्णीपर्यंत हमरस्ता सुरेख. मागे घर असेल तर साठच्या वर जाऊ नका. वाऱ्याने शेपूट हलतं. शोभा पडद्यासमोर अशी बसली की घरी मालिका बघताना एवढी रंगत नाही. "तो फटफटीवाला कवापासनं मागं हाय. त्याला जाऊ द्या की." मी बाजू दिली. त्याने जाताना हात केला. मला कॅमेऱ्याचा अभिमान वाटला, जणू मीच शोधून काढला होता.

टेंभुर्णीहून जेऊरकडे वळलं की रस्ता अरुंद होतो, दोन्हीकडे ऊस आणि केळी. जेऊरला भाजी घेतली आणि उजनी धरणाच्या फुगवट्याकडे गेलो. तिथल्या एका शेतकऱ्याने बांधाला घर लावू दिलं, पैसे घेतले नाहीत. आम्ही घरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिली, त्याने धरणातली ताजी चिलापी मासळी. संध्याकाळी पाण्यावर रोहित पक्ष्यांची गुलाबी पट्टी होती. बघायला तिथंच जा, माझ्या फोटोत काही आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतताना कच्च्या रस्त्यावर जेवायला थांबलो. शेजारच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवलेली होती. जेवण उरकतंय तोच समोरून उसाने भरलेली ट्रॉली आली. भरल्या ट्रॉलीने मागे जायचं नसतं, हे मला कुणी सांगायला नको. इंजिन चालू केलं. पडदा थांबल्यापासून चालूच होता, त्यावर मोकळा रस्ता. शोभा म्हणाली, "कोण न्हाय. घ्या."

हातभर मागे गेलो असेन. खिडकीतून घंटेचा आवाज आला, बारीक, पण अगदी जवळून. पडद्यावर मेंढरू नव्हतं. कानाने एक सांगितलं, डोळ्याने दुसरं. मी कानाचं ऐकून ब्रेक दाबला.

उतरून मागे गेलो. घराच्या सावलीत, बंपरपासून वीतभर अंतरावर, एक व्यालेली मेंढी उभी होती आणि तिच्या पायाशी ओलं कोकरू. परत येऊन पडदा पाहिला तर रस्ता मोकळाच. आम्ही थांबलो तेव्हाचं चित्र तसंच गोठून बसलं होतं.

रानातून एक म्हातारी धनगरीण लोकर कातत कातत आली. तिने आधी कोकरू उचललं, मग मला विचारलं, "पाव्हनं, टीव्हीत काय दिसत हुतं?"

"मोकळा रस्ता."

"म्हंजी शिळं दाखवतोय." ती शांतपणे म्हणाली. ट्रॉलीवाला खो खो हसला. मलाही हसावं लागलं.

मी विचारलं, एवढ्या मेंढरांत हिच्याच गळ्यात घंटा का? "ही मागं राहती. म्होरच्या दिसत्यातच की. जी मागं राहती तिलाच बांधायची." शेकडो मेंढरांची मागची बाजू ती एका घंटेवर सांभाळत होती. मी कंपनीचं माहितीपत्रक दोनदा वाचलं होतं, त्यात एवढं शहाणपण नव्हतं.

मागे जायचं तर होतंच. शोभा उतरली आणि पाय जपत मागे जाऊन उभी राहिली. "येऊ द्या." आयुष्यात गाडी इतक्या हळू कधी घेतली नव्हती. शब्द मी दिला होता आणि मोडावा तिला लागला.

ट्रॉली गेल्यावर शोभाच म्हणाली, "त्या चित्रात सारखं हलणारं कायतरी पायजे. थांबलं की कळंल." म्हातारीने तिच्याकडे बघितलं, बाजूला चरणाऱ्या आपल्या घोड्याच्या गळ्यातला लोकरीचा तांबडा गोंडा सोडला आणि तिच्या हातात दिला. "हे वाऱ्याबिगार बी हलतंय, बाई."

सोलापुरात आल्यावर पहिल्यांदा अक्रमकडे गेलो. त्याने तारेचं भेंडोळं पुढे सरकवलं. ड्रिल मीच लावलं. तुम्ही बसवणार असाल तर भोकात रबरी कडी घाला, नाहीतर पत्रा तार कापतो. जीप आणि घराच्या जोडापाशी तारेला हातभर ढील ठेवा, वळणावर ओढ बसते. कॅमेरा एवढाच वर की चित्रात खाली आपला बंपर दिसावा. आणि रोज सकाळी काच पुसा, आपल्याकडची धूळ कुणाला सोडत नाही.

बिनतारी कपाटात आहे. तारेच्या कॅमेऱ्यापुढे, चित्राच्या कोपऱ्यात, तो गोंडा लोंबतोय.

परवा घर त्याच गल्लीत मागे घ्यायचं होतं. मी शोभाकडे पाहिलं. तिने दाराला हात लावला नाही. पडद्याकडे वाकली, जरा वेळ बघत राहिली.

"हलतोय," ती म्हणाली. "घ्या."