पाखाडीच्या वळणावरचा गडगा

गुडघे दुखायला लागले की ती केस मला हटकून आठवते. खुनाची नव्हे, दरोड्याची नव्हे. कुंपणाची.

रत्नागिरी जिल्ह्यात पोलिसाची नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात ती अशाच कारणांवरून. बांध, गडगा, आंब्याचं एखादं कलम हद्दीच्या अलीकडे की पलीकडे. ऐकून ऐकून माझे कान किटले. नोकरी संपली, केस पिकले, नातवंडं झाली, तरी मासळीबाजारात ओळखीचं कुणी भेटलं की पहिलं वाक्य तेच: "मॅडम, एक विचारायचं होतं. शेजाऱ्यानं कंपाउंड घातलंय…" पिशवीतले बांगडे तोवर नरम पडतात.

तेव्हा मी नवी कोरी उपनिरीक्षक होते. कडक इस्त्री, चकचकीत पट्टा आणि डोळ्यांवर काळा गॉगल. बाई अधिकाऱ्याला कुणी घाबरत नाही, तेव्हा निदान काळ्या काचांना घाबरतील, असं माझं शास्त्र होतं. आमचं ठाणं कौलारू, खिडक्या लहान, आत भरदुपारीही अंधार. ठाणे अंमलदारांच्या टेबलाचा कोपरा माझ्या मांडीला रोज लागायचा. पण गॉगल काढायचं नाव नाही. आज तो फोटो बघून नात विचारते, "आजी, तुझे डोळे आले होते का?"

तर पूर्णगडच्या बाजूच्या एका वाडीतून एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले. गावी जुनं घर पाडून नवं बांधलेलं आणि सभोवार गडगा घातलेला. गडगा म्हणजे चुना-सिमेंट न लावता एकावर एक रचलेल्या दगडांची भिंत. पतिपत्नी चिपळूणला लग्नाला गेले होते. परतले तर पाखाडीच्या वळणावरचा गडगा जागेवर नाही. पाखाडी, म्हणजे वाडीतून खाली रस्त्याला उतरणारी पायऱ्यांची वाट, त्यांच्या घराला अगदी खेटून जात होती.

त्यांची बाजू भक्कम होती. कुंपण स्वतःच्या हद्दीत हवं, मोजणी करून घातलेलं हवं, ग्रामपंचायतीची परवानगी हवी, उंची मर्यादेत हवी. सगळं होतं. वळणावरचा तुकडा मोजणीत त्यांच्याकडेच निघाला होता. पिढ्यान् पिढ्या लोक तिथून चालत होते ते केवळ कुणी अडवलं नाही म्हणून.

"मी कायद्यानं वागलोय, मॅडम," ते म्हणाले. "आता तुम्ही कायद्यानं वागा."

हे वाक्य मला फारच आवडलं. मी हवालदारांना घेऊन ताबडतोब पंचनाम्याला निघाले.

वाडीत काय दिसलं? गडगा फक्त वळणावर मोडलेला, बाकी शाबूत. निघालेले दगड फणसाच्या बुंध्याशी, मोठे खाली, लहान वर, असे रचून ठेवलेले. पडवीत गृहस्थांची म्हातारी आई तांदूळ निवडत बसलेली. मी तिच्यासमोरून दोनदा गेले. "वृद्ध आहे, ऐकू कमी येतं," गृहस्थ म्हणाले, आणि मी मान डोलावली. हवालदारांनी विचारलं, "म्हातारीचा जबाब घ्यायचा का?" मी म्हटलं, "वेळ कशाला घालवता?" आणि ऐटीत वळताना माझी पाखाडीची एक पायरी चुकली. गॉगल सावरला, अब्रू नाही सावरली.

संध्याकाळी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता कुणीतरी म्हणालं, "वरच्या घरातल्या पोराला धरा. बोटीवर पळायच्या आत धरा."

वरच्या घरातला तो तरुण खलाशी होता. चारच दिवसांपूर्वी त्याचे आजोबा वारले होते. मी वाडीतल्या माणसांकडे चौकशी केली तेव्हा कळलं ते असं: प्रेत खाली आणताना त्या वळणावर खांदेकऱ्यांना वळताच येईना. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला नवा गडगा. शेवटी तिरडी तिरकी केली. म्हाताऱ्याचा हात चादरीतून निसटून खाली लोंबला. पुढे मडकं धरून चालणारा नातू मागे वळला, त्यानं तो हात आत सारला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हा गडगा इथं राहायचा नाय."

हेतू मिळाला, धमकी मिळाली, साक्षीदार मिळाले. मला वाटलं, आता फक्त बक्षीस यायचं बाकी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला चौकशीला बोलावलं. मुंडण केलेलं डोकं, खाली मान. आमच्या ठाण्यात रोज सकाळी गणपतीच्या तसबिरीला हार घालून हवालदार सगळ्यांना खोबरं वाटत, आरोपीलासुद्धा. त्यांनी हात पुढे केला तर पोरगा मागे सरकला.

"नको काका. सुतक हाय मला."

मला वाटलं, नाटक करतोय.

"गडगा पाडलास की नाही?" मी टेबलावर काठी आपटली.

"नाय पाडला. पण ज्यानं पाडलान त्याला मी नारळ देईन."

"मस्ती आली काय?"

"मस्ती नाय मॅडम. आजोबा आयुष्यभर सगळ्यांना वाट देत चालले. जाताना त्यांनाच वाट नाय मिळाली." मग तो हळूच म्हणाला, "माझी चारित्र्य पडताळणी तुमच्याकडेच अडकलीय. ती आली नाय तर बोट जाईल. एकदा बोट गेली की कंपनी परत बोलवीत नाय. घरात कमावणारा मी एकटा."

त्याची पडताळणी खरंच माझ्याच टेबलावर होती. गुन्हा नोंदवला की ती रखडली, आणि ती रखडली की याच्या घरची चूल थंड. मला हे सगळं समजत होतं. तरी मी हवालदारांना म्हटलं, "कागद तयार करा, गुन्हा दाखल करू."

हवालदार अनुभवी, त्यामुळे कायम थकलेले. म्हणाले, "करू की. आधी दगड मोजून घेऊ, मॅडम. कोर्टात वकील विचारतो, किती दगडांचं नुकसान."

म्हणून परत वाडीत. ऊन मरणाचं. पायऱ्या चढून घामानं गॉगल नाकावरून घसरायला लागला. शेवटी वैतागून काढला आणि पाखाडीवर टेकले. त्या वाडीत मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

गडग्याच्या मोडक्या तोंडाशी एक उभा दगड होता. शेंदूर लावलेला. जागेचा राखणदार. त्याच्या पायाशी सुकलेलं जास्वंदीचं फूल आणि वाढवलेल्या नारळाच्या दोन वाट्या.

"हे काय?" मी विचारलं.

"गाऱ्हाणं घातलेलं दिसतंय," हवालदार म्हणाले. "राखणदाराला सांगितल्याशिवाय इथं कोण दगड हलवीत नाय. नायतर तो वाट चुकवतो म्हणतात."

मला पोराचा मागे सरकलेला हात आठवला. सुतकातला माणूस ठाण्यातल्या गणपतीचं खोबरं घेत नाही. तो राखणदाराला नारळ देईल? त्याच्या अख्ख्या घराला सुतक. मग राग न करता फक्त वळणावरचेच दगड काढणारं, ते नीट रचून ठेवणारं आणि आधी देवाची परवानगी मागणारं माणूस कोण? घरमालक तर लग्नाला गेलेले.

मी पडवीकडे पाहिलं. म्हातारी तांदूळ निवडत होती. बोटांची टोकं सोललेली, त्यांवर हळद दाबलेली.

मी तिच्याजवळ जाऊन खाली बसले. "आजी, हाताला काय झालं?"

"आता इचारतेस होय?" ती खणखणीत आवाजात म्हणाली. ऐकू बिकू सगळं उत्तम येत होतं. "काल दोनदा समोरनं गेलीस. मी म्हटलं, बाय आता इचारील, मग इचारील. तर तू पायरीवरनं गडगडलीस."

हवालदार एकदम खोकायला लागले.

मुलगा घरातून बाहेर आला. "आई, तू? अगं, तू आपलाच गडगा पाडलास?"

"पाडला नाय, काढला. दोन दिस लागले. लहान दगड सुपात भरून नेले, मोठे ढकलत नेले."

"पण का? आपली हद्द आहे ती! मोजणीत आलीय!"

"मोजणीत फुटाचा हिसाब, बाबा. तुझा आजा गडगा घालताना चार माणसं खांद्यावर बाज देऊन वळणावर उभी करायचा. ती वळली की मग दगड ठेवायचा. ह्या वाडीत सगळ्यांनी तसंच केलं." तिनं सूप बाजूला ठेवलं. "वरच्या म्हाताऱ्याचा हात लोंबताना मी हितनंच बघितला. माझा दीर लागायचा तो, मानलेला. मी मेल्यावर मला पण तशीच तिरकी नेशील काय रे?"

 मुलगा पडवीच्या खांबाला धरून उभा राहिला.

मग तिनं माझ्याकडे मोर्चा वळवला. "घर पोरानं बांधलान, पण जागा अजून माझ्या नावावर हाय. माझ्या जागेतले माझे दगड मी हलवले. आता कुठल्या कलमात घालतेस ती घाल."

मी मनातल्या मनात सगळी कलमं चाळली. स्वतःची वस्तू मोडल्याचं एकही सापडेना. म्हटलं, "आजी, तुम्हांला घालण्याएवढं मोठं कलम आमच्याकडे नाही."

गृहस्थांनी तक्रार मागे घेतली. पोरगा तोवर ठाण्याच्या बाकावर बसूनच होता. त्याला मी सांगितलं, "जा. पडताळणी आज जाते." गडगा कुणी काढला तेही सांगितलं. तो बोटीवर निघायच्या आधी नारळ घेऊन त्या पडवीत गेला, असं हवालदारांकडून कळलं. पुढे काही वर्षांनी म्हातारी गेली, तेव्हा त्या वळणावरून तिला सरळ नेलं. पुढचा एक खांदा त्याच खलाशाचा होता. तेव्हा तो सुटीवर आलेला होता.

या केसनं मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, नियम पाळूनही माणूस दुसऱ्याची वाट अडवू शकतो, आणि त्यावर आमच्याकडे इलाज नसतो. हे कळलं तेव्हापासून कुंपणाची तक्रार आली की मला आधी थकवाच यायचा. दुसरी गोष्ट, म्हातारीवर कुणी संशय घेत नाही.

दुसरी जास्त उपयोगी पडते. सध्या माझा मुलगा आमच्या घराला कंपाउंडची भिंत घालतोय. परवानगी आहे, मोजणी आहे, सगळं आहे. फक्त मागच्या गल्लीत वळणावर रुग्णवाहिकेला अडचण होईल, हे त्याला चारदा सांगून झालं. "आई, हद्दीतच आहे ना?" एवढंच त्याचं उत्तर. त्यामुळे गवंडी भिंतीसाठी दोरी बांधून जातो, आणि मी सकाळी जास्वंदीची फुलं काढायला जाते तेव्हा खुंटी थोडी आत सरकवते. रोज थोडीच.

काल गवंडी डोकं खाजवत होता. "साहेब, माप कालच्यापेक्षा कमी कसं भरतं?" मुलगा त्याच्यावरच खेकसला.

मी पडवीत तांदूळ निवडत होते. मला कुणी काही विचारलं नाही. भिंत उभी राहायच्या आत वळण सुटायला हवं, एवढीच घाई आहे. त्या म्हातारीसारखे दगड उचलायला माझे गुडघे राहिलेले नाहीत.